हातोहाती आलेली विद्या

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या वर्गावर नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेला पहिल्या काही दिवसांतच अशी एक अडचण जाणवू लागते, की जिचा उलगडा तिच्या पदविकेच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. सामान्य शाळेतील शिक्षकाच्या हाती शासनाने मंजूर केलेला अभ्यासक्रम आणि छापील पाठ्यपुस्तक असते. हिच्यासमोर मात्र मूठभर मुले असतात, आणि त्यांतील एकाला सदऱ्याचे बटण लावावयास शिकवावयाचे असते, दुसऱ्याला रंग ओळखावयास, तर तिसऱ्याला केवळ दोन मिनिटे एका जागी स्वस्थ बसावयास. मग रात्री घरची कामे आटोपल्यावर ती मोबाईलच्या पडद्यावर चित्रफिती धुंडाळते आणि दूरदेशीच्या कोणा शिक्षिकेने केलेला एखादा खेळ वहीत उतरवून घेते. नाशिकच्या विशेष शाळांतून आज सहज दिसणारी ही रीत नवी वाटली, तरी तिचा वंश दोन शतकांहून अधिक जुना आहे.

इ. स. 1800 मध्ये फ्रान्सच्या आव्हेरॉन प्रांतातील अरण्यात सापडलेला एक मूक मुलगा पॅरिसच्या कर्णबधिर संस्थेत आणला गेला आणि झाँ इतार या तरुण वैद्याने त्याला शिकविण्याचे काम अंगावर घेतले. त्यासाठी अनुसरावा असा पूर्वीचा पाठच नव्हता. इतारने फळ्यावर वस्तूंच्या आकृत्या काढल्या, त्या त्या आकृतीखाली ती ती वस्तू टांगली, आणि मुलगा त्यांची सांगड कशी घालतो हे पाहून दर वेळी पुढची पायरी ठरविली. त्या मुलाला वाचा अशी फारशी आली नाही. परंतु इतारने 1801 मध्ये लिहून काढलेला वृत्तांत मागे राहिला. त्याचा शिष्य एद्वार सेगँ याने तोच धागा पुढे नेऊन 1846 मध्ये आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि निरनिराळ्या आकारांचे लाकडी तुकडे त्या त्या खाचेत बसवावयाची त्याची फळी आजही आपल्याकडील विशेष शाळांच्या कपाटांत आढळते.

पुढे अर्धशतकाने रोममध्ये डॉ. मारिया माँटेसरी यांच्याकडे अशाच मुलांची एक शाळा सोपविण्यात आली, तेव्हा त्यांनी इतार आणि सेगँ या दोघांचेही लेखन इटालियन भाषेत उतरवून आरंभापासून अखेरपर्यंत स्वहस्ते नकलून काढले. कारण प्रत्येक शब्दाचा अर्थ तोलून पाहण्यास हाताने लिहिण्याइतका दुसरा उपाय नाही, अशी त्यांची धारणा होती. त्या साधनांनी शिकलेली काही मुले सामान्य मुलांच्या परीक्षेस उतरून उत्तीर्ण झाली आणि सारे रोम चकित झाले. माँटेसरीबाईंना मात्र निराळाच प्रश्न पडला: ज्या मुलांच्या बुद्धीत काही न्यून नाही, ती इतकी मागे का राहतात? या प्रश्नातून 1907 मध्ये त्यांचे पहिले बालगृह उभे राहिले. ज्या पद्धतीला आपण आज सर्वसाधारण बालशिक्षणाचा कळस मानतो, तिची मुळे अशा रीतीने विशेष शिक्षणाच्या भूमीत रुजलेली आहेत, ही गोष्ट नव्या विशेष शिक्षिकेने अभिमानाने स्मरणात ठेवावी अशी आहे.

महाराष्ट्रात ही विद्या भावनगरच्या वाटेने आली. तेथील बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या सहवासात ताराबाई मोडक यांनी ती आत्मसात केली. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि 'शिक्षण पत्रिके'च्या मराठी आवृत्तीतून नव्या शिक्षणाचे विचार व प्रयोग मराठी वाचकांपर्यंत पोहोचू लागले. परंतु माँटेसरीची घोटीव लाकडी साधने खेड्यातील शाळेला परवडणारी नव्हती. 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाईंनी काम आरंभिले, तेव्हा त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या, आणि अनुताईंना तारुण्यात नाशिक जिल्ह्यातील ग्रामीण शाळेत शिकविण्याचा अनुभव होता. या दोघींनी बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर खडे, शिंपले, बिया, पाने, काड्या यांचीच साधने केली. त्यांनी परक्या साधनाचा केवळ आकार न उचलता त्यामागील हेतू ओळखला, आणि तो हेतू सिद्ध करणारी वस्तू आपल्या अंगणातून उचलली.

विशेष मुलांसाठी स्वतंत्र शाळा मात्र आपल्याकडे उशिराने निघाल्या. मुंबईत कर्णबधिरांची शाळा 1885 मध्ये सुरू झाली होती. परंतु बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी त्या शहरात जय वकील यांच्या नावाने ओळखली जाणारी शाळा निघण्यास 1944 उजाडले, आणि पुण्यात सिंधुताई जोशी यांची 'कामायनी' 1964 मध्ये आली. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी 1977 मध्ये प्रबोधिनीची स्थापना केली. त्या स्वतः अशा मुलाच्या माता होत्या आणि मुलांसाठी गाणी लिहिणाऱ्या कवयित्रीही होत्या. अशा वर्गात गाण्याचे मोल फार मोठे असते, कारण जो मुलगा चार शब्दांची सूचना ध्यानात ठेवू शकत नाही, तोच चालीवर बांधलेल्या चार ओळी दिवसभर गुणगुणतो, आणि हात धुण्याचा क्रम त्या ओळींत गुंफला तर तो क्रमही त्याच्या अंगवळणी पडतो. परदेशी ग्रंथ नकलून जे साधत नाही, ते मातृभाषेतील एक ठेका साधून देतो.

यानंतरचा कालखंड हा या विद्येला दफ्तरी रूप येण्याचा होता. मद्रासमध्ये तयार झालेल्या मूल्यमापन-पद्धतीने मुलाची कौशल्ये 18 क्षेत्रांत विभागली, प्रत्येक क्षेत्रात 20 पायऱ्या सांगितल्या, आणि अशा 360 नोंदींतून मुलाचा दाखला तयार होऊ लागला. त्यावरून त्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा बेतण्याचा शिरस्ता पडला. सिकंदराबादला 1984 मध्ये बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रासाठी राष्ट्रीय संस्था निघाली. 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्याने विशेष शिक्षकाला नोंदणीची सनद आवश्यक केली. नाशिकला गंगापूर धरणाच्या परिसरात 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पुढे विशेष शिक्षणाचा बी.एड. अभ्यासक्रम दूरशिक्षणाने उपलब्ध केला. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्यांनाही त्यामुळे या विद्येचे दार उघडले, आणि गोदाकाठचे हे नगर विशेष शिक्षक घडविण्याचेही एक केंद्र झाले.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीने शाळांचे दरवाजे बंद केले, तेव्हा पडद्यावाचून गत्यंतरच उरले नाही. शिक्षिका घरच्या स्वयंपाकघरात मटार सोलण्याची चित्रफीत काढून पालकांच्या व्हॉट्सअॅपवर धाडू लागल्या आणि आईवडील प्रथमच आपल्या मुलाच्या अध्यापनात प्रत्यक्ष सहभागी झाले. शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ 2017 पासून होते. परंतु त्यावरील साहित्याचा मोठा भाग इयत्तावार पाठ्यपुस्तकांच्या अनुरोधाने रचलेला असल्यामुळे, वयाने बारा वर्षांच्या पण अद्याप नाडी बांधावयास शिकणाऱ्या मुलाच्या शिक्षिकेची निकड त्याने पुरती भागत नाही. तिला जे सापडते ते बहुधा इंग्रजीत असते, आणि त्यातील दिवसाचा क्रम चित्रांनी दाखविणाऱ्या वेळापत्रकातला मुलगा लोकरी हातमोजे चढवून पिवळ्या बसमध्ये बसलेला असतो.

येथे जुना इतिहास उपयोगी पडतो. हातमोज्यांच्या जागी रेनकोट आणि बसच्या जागी रिक्षा घालणे ही केवळ पहिली पायरी झाली. चित्रे क्रमाने का लावली आहेत, याचे उत्तर 'पुढे काय होणार हे आधी कळले की मुलाचे भय कमी होते' असे आहे. हे ज्या शिक्षिकेला उमगले, ती छापील चित्रांऐवजी दोरीवर खऱ्या वस्तू, डबा, पेला, रुमाल, चप्पल, ओळीने टांगूनही तेच कार्य साधेल. नाणी ओळखण्याचा पाठ परदेशी नाण्यांच्या चित्रांवर चालणार नाही. तो भद्रकालीच्या भाजीबाजारात दहा रुपयांची कोथिंबिरीची जुडी घेताना अधिक पक्का होईल. सदऱ्याची सगळी बटणे शिक्षिकेने लावावीत आणि शेवटचे तेवढे मुलाला लावू द्यावे, मग शेवटची दोन, मग तीन, ही उलट्या क्रमाची युक्ती मात्र कोणत्याही देशातून जशीच्या तशी उचलावी, कारण काम पुरे केल्याचा आनंद सर्वत्र सारखाच असतो.

मात्र घेणाऱ्याने देणेही लागते. इतारने लिहिले नसते तर सेगँला काही मिळाले नसते, आणि ताराबाईंनी पत्रिका चालविली नसती तर बालशिक्षणाचे प्रयोग त्या त्या वर्गाच्या भिंतींतच राहिले असते. आमच्या विशेष शाळांतील अनुभवी शिक्षिकांच्या हाती शेकडो युक्त्या आहेत. परंतु त्या मराठीत नोंदलेल्या क्वचितच आढळतात आणि निवृत्तीबरोबर पुष्कळशा लुप्त होतात. ज्या नाशिकमध्ये 1840 पासून सार्वजनिक वाचनालय नांदते आहे आणि जेथून मुक्त विद्यापीठाचे पाठ राज्यभर जातात, तेथे अशा नोंदींचा एक मराठी संग्रह उभारण्याची तजवीज होणे मुळीच अशक्य नाही. प्रत्येक नोंदीत मूल कसे होते, काय योजले, काय फसले आणि कशाने जमले, एवढ्या चार गोष्टी असल्या तरी पुरे. उद्या सकाळच्या तासाला काय करावे या चिंतेत असलेल्या नव्या शिक्षिकेला रात्री पडद्यावर मराठीत, आपल्याच गावच्या वर्गातून आलेले उत्तर मिळावे, आणि त्यात स्वतःच्या अनुभवाची चार वाक्ये घालून तिने ते पुढच्या हाती द्यावे. या विद्येचे आजवरचे पोषण असेच झाले आहे, आणि तिची पुढली वाढही आपण ते लिहून ठेवण्याचे कष्ट घेतो की नाही यावरच अवलंबून आहे.