चित्रपटाची शिदोरी

पूर्वी प्रवासाला निघालेला माणूस दशम्या आणि चटणी फडक्यात बांधून घेत असे. आजही ती घेतली जाते. पण तिच्या जोडीला आदल्या रात्री घरच्या इंटरनेटवरून दोन-तीन चित्रपट मोबाइलमध्ये उतरवून ठेवले जातात. घाटात, बोगद्यात, विमानात संपर्क तुटतो हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे ही तजवीज करावी लागते. ही सोय आपल्याला अगदी नवी वाटते. पण चित्रपट बरोबर नेण्याची रीत चित्रपटाइतकीच जुनी आहे. आणि तिचा इतिहास पाहू लागले म्हणजे एक प्रश्न वारंवार समोर येतो. गाठोडे आपल्या खांद्यावर असले, तरी त्यातील चीज कोणाची?

पॅरिसमध्ये ल्यूमियेर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांना हलती चित्रे दाखविली. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तसाच खेळ झाला. तो करणारा मारियस सेस्तिए हा ल्यूमियेरांचा माणूस ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि मुंबई त्याच्या वाटेवर लागली. तेव्हा आपल्या देशात चित्रपट आला तोच मुळी एका वाटसरूच्या सामानातून. सामानही बेताचेच होते. प्रत्येक फीत सुमारे सतरा मीटर लांबीची, जेमतेम पन्नास सेकंदांत संपणारी. आणि चित्रे घेण्याचे, त्यांची प्रत काढण्याचे व ती पडद्यावर टाकण्याचे काम करणारे यंत्र एकच.

त्या काळी फीत कापडासारखी मापून, फुटावर दर लावून विकली जाई. एकदा पैसे मोजले की ती घेणाऱ्याची. फिरत्या खेळांचा धंदा या व्यवहारावर उभा राहिला. गुजरातेतून आलेले अब्दुलअली युसूफअली यांनी १९०१ ते १९०७ या काळात ब्रह्मदेश, सिंगापूर, जावा, सुमात्रा असा मुलूख तंबू आणि फिती घेऊन पालथा घातला. पुढे १९१४ पर्यंत ते हिंदुस्थानात हिंडले आणि मग मुंबईत स्थिर झाले. गाव बदलले की प्रेक्षक नवे, म्हणून तीच फीत पुन्हा नवी. ती तुटली तर जोडावी, झिजली तर तेवढा तुकडा कापून टाकावा, कंटाळा आला तर दुसऱ्या खेळवाल्याला विकावी. फितीचे काय करायचे हे तिचा मालक ठरवी, आणि मालक तंबूत बसलेला असे.

१९०७ साली फ्रान्सच्या पाते कंपनीने हा व्यवहार मोडला. यापुढे फिती विकायच्या नाहीत, भाड्याने द्यायच्या, असे तिने ठरविले. आणि हळूहळू सारा धंदा त्याच वाटेने गेला. कंपनीची बाजू खोटी नव्हती. जुन्या, ओरखडलेल्या प्रती वर्षानुवर्षे फिरत राहिल्या तर नव्या चित्रपटाला गिऱ्हाईक कोठून मिळणार? पण परिणाम असा झाला की, ठरलेली मुदत संपली की प्रत परत जाऊ लागली. परत आलेल्या प्रती जपून ठेवण्यात कंपन्यांना फारसे स्वारस्य नव्हते. पुष्कळशा नष्ट करण्यात आल्या. कित्येक तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी वितळविण्यात आल्या. नायट्रेटची फीत आधीच ज्वालाग्राही व नाशवंत. तिला माणसाच्या हिशेबीपणाची जोड मिळाली.

मग जुने मूकपट वाचले ते कसे? यातील काही तर परत न गेल्यामुळे वाचले! कॅनडाच्या उत्तरेला डॉसन सिटी नावाचे सोन्याच्या खाणींमुळे वसलेले गाव आहे. चित्रपटांचा प्रवास तेथे संपे. तेथे पोचेपर्यंत ते दोन-तीन वर्षांचे जुने झालेले असत आणि परतीचे भाडे भरायला कंपन्या तयार नसत. साठलेल्या फिती १९२९ मध्ये एका पोहण्याच्या तलावात भराव म्हणून टाकण्यात आल्या आणि त्यावर बर्फावर खेळण्याचे मैदान झाले. १९७८ साली खोदकाम करताना त्यांतली ५३३ रिळे निघाली. गोठलेल्या जमिनीने त्यांना पन्नास वर्षे सांभाळले होते. इतरत्र कोठेही न उरलेली कितीतरी चित्रे त्यांत सापडली.

दुसरी हकीकत 'मेट्रोपोलिस'ची. हा जर्मन मूकपट जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला प्रथम दाखविला गेला आणि थोड्याच महिन्यांत मालकांनी त्याला कात्री लावली. मूळ लांबीचा चित्रपट कायमचा गेला, असे पुढे ऐंशी वर्षे सर्वजण धरून चालले. परंतु कात्री लागण्यापूर्वीची एक प्रत अर्जेंटिनाला गेली होती. तिच्यावरून काढलेली अरुंद फितीची, ओरखड्यांनी भरलेली नक्कल २००८ साली ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात हाती लागली. तिच्या आधारे सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग परत मिळून २०१० मध्ये चित्रपट जवळजवळ पूर्ण झाला. मालकाने कापून फेकलेले परदेशी गेलेल्या प्रतीने राखले.

आपल्याकडचा अनुभव याहून वेगळा नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच आज उपलब्ध आहे. १९३१ च्या 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत उरलेली नाही. उलट कलकत्त्यात १९१९ साली तयार झालेल्या 'बिल्वमंगल'चा काही भाग पॅरिसच्या संग्रहालयात निघाला आणि २०१६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला मिळाला.

पुढील प्रवास मुख्यतः ओझे कमी होण्याचा आहे. दोन तासांच्या बोलपटाची रुंद फीत जवळजवळ अकरा हजार फूट, म्हणजे सव्वातीन किलोमीटर भरे. डब्यांत भरलेली ही रिळे आपल्या जत्रांतील तंबूवाले ट्रकमधून नेत. १९२३ साली सोळा मिलिमीटरची, सहज पेट न घेणारी फीत आली. १९७५ नंतर व्हिडिओची कॅसेट घरोघरी जाऊ लागली. घरी कार्यक्रम टेपवर उतरवून सवडीने पाहणे हा गुन्हा नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला. आपल्याकडे त्याच दशकात लांब पल्ल्याच्या खासगी गाड्या 'व्हिडिओ कोच' म्हणून मिरवू लागल्या. अर्धी बस झोपेला आलेली असे, अर्धी मारामारी पाहत असे. आवाज मात्र सर्वांच्या वाट्याला सारखाच येई. पण ती कॅसेट ज्याच्या हाती, त्याची होती.

डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने भारतात चित्रफिती मोबाइलमध्ये उतरवून ठेवण्याची सोय दिली. त्या अठ्ठेचाळीस तासांपर्यंत पाहता येत. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी नेटफ्लिक्सने तीच वाट धरली. सव्वातीन किलोमीटरची फीत आता खिशात मावते, ही केवढी मौज! परंतु मोबाइलमध्ये उतरते ती कुलूपबंद प्रत. किल्ली दुरून मिळते, आणि तिला मुदत असते. मुदत सरली, वर्गणी थांबली किंवा कंपनीचा निर्मात्याशी असलेला करार संपला की तीच प्रत निरुपयोगी होते. पातेने १९०७ मध्ये जे केले त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती आहे; फरक इतकाच की, प्रत परत करण्याचे विसरून जाण्याची सवड आता कोणालाच उरलेली नाही. डॉसन सिटीचा तलाव अशा प्रतीला लाभणे शक्य नाही.

याचा अर्थ कुलूप लावणारा दुष्ट आहे असा नव्हे. कुलूप नसते तर निर्मात्यांनी ही सोय दिलीच नसती, आणि आपला रात्रीचा प्रवास कोरडा गेला असता. प्रवाशाला शिदोरी एका वेळेपुरती पुरते. समाजाला मात्र बियाणे राखून ठेवावे लागते. आणि शिदोरी भरपूर आहे म्हणून कणगीत बियाणे असेलच, असे समजणे धोक्याचे आहे. आज कितीतरी चित्रपट केवळ अशा कंपन्यांसाठी निघतात आणि त्यांची फीत किंवा तबकडी बाजारात येतच नाही. छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी असे बंधन आपण १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांवर घातले. त्या कायद्यात चित्रपटाला जागा नाही. प्रत्येक चित्रपटाची एक बिनकुलपाची प्रत सार्वजनिक संग्रहात ठेवण्याचे बंधन घातले, तर निर्मात्याचे उत्पन्न बुडणार नाही आणि प्रवाशाची सोयही जाणार नाही. आजवर हे काम अपघातांनी आणि परतीचे भाडे न भरणाऱ्यांनी केले. यापुढे ते जाणूनबुजून करावे लागेल.