निराधारचा पगार: अर्जापासून हयातीच्या दाखल्यापर्यंत, एकमेकींच्या सोबतीने

आमच्या वस्तीत संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला कोणी अनुदान म्हणत नाही. सगळे ‘पगार’ म्हणतात. पगार चालू झाला, पगार अडकला, पगार बंद पडला. शासनाच्या भाषेत हा शब्द चुकीचा असेल, पण महिन्याचा किराणा आणि बीपीच्या गोळ्या त्याच पैशावर ठरत असतील, तर दुसरा कोणता शब्द वापरायचा?

गेल्या वर्षी एका मावशींचा पगार बंद पडला. विधवा, धुणीभांडी करणाऱ्या. त्या माझ्याकडे आल्या, कारण मी ‘शिकलेली मॅडम’. मी शासन निर्णय वाचला, अर्ज लिहून दिला, दोनदा कार्यालयात जाऊन आले. उत्तर एकच मिळाले, ‘आमच्याकडून पैसे गेलेत.’ शेवटी रविवारी विहारात वंदनेनंतर शेजारच्या आजींनी मावशींचे पासबुक हातात घेतले. आजी स्वतः श्रावणबाळच्या लाभार्थी, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘मधी दुसऱ्या बँकेत खातं काढलं होतं का गं?’ काढले होते, बचत गटाच्या कर्जासाठी. पाच महिन्यांचे 7,500 रुपये त्या नव्या खात्यात पडून होते आणि इकडे मावशी उसनवारी करत होत्या.

आजींना हे कुठून कळले? वर्षभरापूर्वी त्यांच्यावरही हीच वेळ आली होती. योजनेला कोण पात्र आहे, हे शासन निर्णय सांगतो. योजना कुठे अडते, हे त्या रस्त्याने चालून आलेल्यालाच माहीत असते. दोन्ही माहिती एकत्र यावी, म्हणून हा लेख.

कोणती योजना कोणासाठी

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात 1980 साली सुरू झाली. ती 65 वर्षांखालील निराधार व्यक्तींसाठी आहे. विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रिया, दिव्यांग, अनाथ, तसेच क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे कमावू न शकणारे लोक तिच्यात येतात. तृतीयपंथी व्यक्तीही येतात, हे अनेकांना ठाऊक नसते. वय 65 पूर्ण झाले की श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना लागू होते.

दोन्ही योजनांची रक्कम 2023 मध्ये 1,000 वरून 1,500 रुपये झाली. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती ऑक्टोबर 2025 पासून 2,500 रुपये आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा 21,000 रुपये, दिव्यांगांसाठी 50,000. दिव्यांगत्व किमान 40 टक्के असावे लागते आणि अर्जदार किमान 15 वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो.

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राच्या योजनाही जोडल्या जातात. राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाला. वृद्धापकाळ, विधवा आणि दिव्यांग अशी तीन निवृत्तिवेतने त्यात आहेत. वृद्धांसाठी 79 वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा महिन्याला 200 रुपये आहे आणि 2007 पासून त्यात वाढ नाही. बाकीची रक्कम राज्य घालते. याच कार्यक्रमात राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना आहे. घरातील मुख्य कमावती व्यक्ती 18 ते 59 या वयात वारली, तर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एकदाच 20,000 रुपये मिळतात. दुःखाच्या दिवसांत हा अर्ज करायचे कोणालाच सुचत नाही. शेजाऱ्यांनी आठवण करून द्यायची ती याच वेळी.

सध्या सर्वात जास्त गोंधळ लाडकी बहीण योजनेचा आहे. जी स्त्री शासनाच्या दुसऱ्या योजनेतून महिन्याला 1,500 किंवा त्याहून जास्त रक्कम घेते, ती लाडकी बहीणला पात्र नाही. ‘दोन्ही भरून ठेव, जे लागेल ते लागेल’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

अर्जाआधी कागद जुळवा

अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. छाननीनंतर तो तालुका समितीच्या बैठकीत मंजुरीला जातो. आधार, रेशन कार्ड, रहिवासाचा व वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि फोटो हे सगळ्यांनाच लागते. विधवेला पतीचा मृत्यू दाखला, घटस्फोटितेला न्यायालयाचा आदेश, दिव्यांगाला शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते.

यादी सोपी दिसते. अडचण असते ती नावांत. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशन कार्डावर सासरचे, आधारवर तिसरेच. पतीच्या मृत्यू दाखल्यावर घरचे टोपणनाव. आमच्या गटातल्या बाया आता अर्ज भरण्याआधी सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडतात आणि एकेक अक्षर जुळवून पाहतात. जे नाव चुकले असेल ते आधी दुरुस्त, मग अर्ज. यात महिना जातो, पण त्रुटी लागून परत आलेल्या अर्जात त्याहून जास्त जातो.

दुसरी गोष्ट स्टॅम्प पेपरची. शासकीय दाखल्यांसाठी करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी कार्यालयाबाहेर स्टॅम्प विकले जातात आणि घाबरलेला माणूस ते घेतो. पैसे काढण्याआधी ‘हे कशासाठी?’ एवढे विचारा.

तिसरी गोष्ट उत्पन्नाच्या मर्यादेची. 21,000 रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला 1,750. चार घरची भांडी घासणारी बाईसुद्धा कागदावर या मर्यादेबाहेर जाते. मर्यादाच अशी ठेवली की गरीब माणसाला दोनच वाटा उरतात, खोटे सांगा नाहीतर उपाशी राहा. आम्ही कोणाला खोटा आकडा लिहायला सांगत नाही. पण ही मर्यादा वाढवण्याची मागणी प्रत्येक निवेदनात पहिल्या क्रमांकावर टाकतो. हा प्रश्न एकट्या अर्जदाराच्या प्रामाणिकपणाचा नाही, धोरणाचा आहे.

मंजुरीनंतर पगार कुठे अडतो

पहिले ठिकाण म्हणजे बँक. पैसे आता थेट लाभ हस्तांतरणाने, आधार क्रमांकाच्या आधारे येतात. ‘खात्याला आधार जोडलंय’ एवढ्यावर भागत नाही. त्या खात्यावर डीबीटी चालू आहे का, असे बँकेत स्पष्ट विचारावे लागते. एका आधारवर एका वेळी एकाच बँकेत हे पैसे जातात, आणि नव्या खात्यासाठी संमती अर्जावर सही झाली की ते तिकडे वळू शकतात. मावशींचे तेच झाले होते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहिले की बँकेचे नाव दिसते. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला हवा.

दुसरे ठिकाण म्हणजे हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी 1 जानेवारी ते 31 मार्च या काळात कळवावे लागते. ते राहिले की पगार थांबतो. लेकीकडे बाळंतपणाला गेलेली आजी, ऊसतोडीला गेलेले जोडपे, अंथरुणाला खिळलेला माणूस, हे सगळे नेमके याच तीन महिन्यांत सुटतात.

तिसरे ठिकाण म्हणजे बोटांचे ठसे. आयुष्यभर राख आणि सोड्याने भांडी घासलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय कुठे आहे, हे विचारून त्या केंद्रावर जावे.

सोबतीचा गट कसा चालतो

समाजशास्त्र शिकताना मायकेल लिप्स्की यांचे 1980 सालचे पुस्तक अभ्यासाला होते. धोरण वर ठरते, पण लोकांच्या हाती ते कोणत्या रूपात पडते हे खिडकीवरच्या कर्मचाऱ्याच्या रोजच्या निर्णयांवर ठरते, हा त्यांचा मुद्दा. तेव्हा तो परीक्षेपुरता होता. वस्तीत काम करताना कळले की त्या खिडकीचे खरे ज्ञान रांगेत उभ्या असलेल्यांकडे असते. ते विखुरलेले असते, एवढीच अडचण.

ते एकत्र करायला आम्ही चार साध्या गोष्टी केल्या.

1. एक वही. प्रत्येक लाभार्थ्याचे नाव, योजना, अर्जाची तारीख, पोचपावती आहे की नाही, शेवटचा पगार कधी आला. आधार क्रमांक आणि खाते क्रमांक वहीत लिहायचा नाही.

2. जोडीने जाणे. कार्यालयात एकटीने जायचे नाही. सोबतीण बोलत नाही, फक्त शेजारी उभी राहते आणि साहेब काय म्हणाले ते लक्षात ठेवते. एकट्या बाईला ‘उद्या या’ म्हणणे सोपे असते, दोघींना जरा अवघड.

3. पोचपावती. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. ‘ठेवा इथे, बघतो’ याला पोच म्हणत नाहीत.

4. जानेवारीची फेरी. वहीतल्या प्रत्येकाचा हयातीचा दाखला गेला का, हे पहिल्या पंधरवड्यातच घरोघर जाऊन पाहायचे. जे बाहेरगावी असतील त्यांना फोन.

असे काम मोठ्या प्रमाणावरही झाले आहे. राजस्थानात एकल नारी शक्ती संघटन एकट्या स्त्रियांनी स्वतः उभे केले. महाराष्ट्रात कोरोनाकाळात विधवा झालेल्या स्त्रियांसाठी कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने तालुक्या-तालुक्यांत योजनांचा पाठपुरावा केला. पेन्शन वाढीसाठी बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषद उभी राहिली. वस्तीतली वही आणि दिल्लीतले धरणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत.

मदतनीस आणि दलाल यांच्यामधली रेघ

हा भाग लिहिताना अवघड जाते, कारण दलालही बहुधा आपल्यातलाच असतो. सुरुवात मदतीपासूनच होते. मग कोणी खुशीने शंभर रुपये देते, मग ते शंभर ठरून जातात, मग पहिल्या दोन पगारांची बोली लागते. म्हणून आम्ही नियम लिहून भिंतीला लावले आहेत. मदत करणारीने पैसे घ्यायचे नाहीत, चहासुद्धा स्वतःच्या खर्चाने. कोणाचे पासबुक, एटीएम कार्ड, मूळ कागद घरी ठेवायचे नाहीत. मोबाइलवर आलेला ओटीपी विचारायचा नाही. ‘माझी वर ओळख आहे’ हे वाक्य बोलायचे नाही.

आणखी एक नियम आम्ही चुकून शिकलो. एकीच्या बाबतीत जे झाले तेच दुसरीच्या बाबतीत होईल, असे सांगायचे नाही. आमच्यातल्या एकीने ‘माझं मंजूर झालं, तुझंही होईल’ म्हणून एका ताईला खात्री दिली. त्या भरवशावर तिने उसने पैसे घेतले आणि अर्ज नामंजूर झाला. अनुभव सांगावा, निकाल सांगू नये. जे माहीत नाही ते शाखेत विचारून यावे.

दाद कुठे मागायची

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली उत्पन्न दाखल्यासारख्या अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिले अपील करता येते. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे. आपल्या अर्जाचे काय झाले हे माहिती अधिकारात विचारता येते. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला माफ, आणि उत्तर 30 दिवसांत. अर्ज नामंजूर झाला असेल तर कारण लेखी मागा. लेखी कारण हातात आले की निम्म्या वेळा ती एखादी सहज दुरुस्त होणारी त्रुटी निघते.

हे सगळे करताना एक गोष्ट वस्तीत पुन्हा पुन्हा सांगावी लागते. अनेक वृद्ध माणसे खिडकीपाशी जाताना चप्पल बाहेर काढतात आणि हात जोडून उभी राहतात. संविधानाच्या अनुच्छेद 41 मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता अशा प्रसंगी लोकसाहाय्याच्या हक्काची तरतूद राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत करावी, असे म्हटले आहे. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, थेट कोर्टात जाऊन वसूल करता येत नाही. पण त्यात शब्द हक्क आहे, भीक नाही.

त्या आजी आता दर जानेवारीत वही घेऊन गल्ली फिरतात. मागच्या फेरीत एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांना विचारले, ‘सरकारनं ठेवलंय का तुम्हाला या कामाला?’ आजी म्हणाल्या, ‘नाही, माझापण पगार बंद पडला होता.’