हरलेल्या संघातला बाळू

भारतीय क्रिकेटचा इतिहास आपण 1932 च्या पहिल्या कसोटीपासून मोजतो. त्यामुळे 1911 चा इंग्लंड दौरा आपल्या गणतीतच येत नाही. हिंदी संघाने त्या दौऱ्यात 23 पैकी 15 सामने गमावले होते. कर्णधार, पतियाळाचे तरुण महाराज, बहुतेक सामने खेळलेच नाहीत. त्या पडझडीत पालवणकर बाळूंनी आपल्या डावखुऱ्या फिरकीवर 114 बळी मिळवले. त्यांच्या गुणवत्तेची एवढी निःसंदिग्ध नोंद कोणत्याही विजयाने केली नसती.

बाळू तेव्हा पस्तिशीत होते. ही ओळख पटायला उशीर झाला असे म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. चर्मकार कुटुंबातल्या या मुलाने पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर मैदानाची निगा राखत त्यांना सरावासाठी गोलंदाजी केली, तेव्हाच त्याचा हात सर्वांना दिसला होता. हिंदू संघानेही तो ओळखला. मैदानात त्याचा चेंडू हाती घेणाऱ्यांनी चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला.

गुण न दिसणे आणि दिसलेला गुण न मानणे, यांत आम्हाला फरक करावासा वाटतो. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. 1920 मध्ये उपकर्णधारपदावर बोळवण झाली. 1923 मध्ये धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. तोवर बाळूंची कारकीर्द संपली होती.