पासोडी आणि गोधडी

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिला. एवढ्यानं हात थांबेना, म्हणून ‘पंचीकरण’ चक्क पासोडीवर लिहिलं! आपण बीड जिल्ह्याचे. निवृत्तीनंतर आपणही काही लिहावं, असं मला वाटू लागलं. पण आमच्या घरात चादरींना हात लावायची सोय नाही.

तेव्हा मराठी विकिपीडियाकडे वळलो. १ मे २००३ ला सुरू झालेला हा ज्ञानकोश. कुणीही यावं, लिहावं. मी ‘अभ्यासक’ असं भारदस्त नाव घेतलं आणि लिहिलं, ‘दासोपंतांचा जन्म अंबाजोगाईचा.’

सकाळी पाहतो तर ‘उडाणटप्पू’ नावाच्या इसमानं तिथं ‘नारायणपेठ’ केलेलं. मी चर्चापानावर तणतणलो, ‘दासोपंतांना पुण्याला कशाला धाडता?’

उत्तर आलं, ‘पुण्यातली नव्हे काका, बेदरच्या मुलुखातली. अंबाजोगाईला ते नंतर आले.’ खाली ग्रंथाचा आधार, पृष्ठांकासकट! मी वय कुठंच लिहिलं नव्हतं; तरी पठ्ठ्यानं काका ओळखलाच.

तिथं ‘इतिहास पहा’ अशी एक कळ असते. ती दाबली. माझी चूक, त्याची दुरुस्ती, तिसऱ्यानं सुधारलेली माझी वेलांटी, सगळं तारीखवार. चेहरा कुणाचाच नाही. पण दासोपंतही स्वतःला ‘दिगंबरानुचर’ म्हणवीत. त्यांच्याकडे तरी कुणी रेशनकार्ड मागितलं?

पासोडी एकट्याची होती; ही गोधडी अनेकांची. माझं ठिगळ तिरकं लागलं होतं. उडाणटप्पूनं ते उसवलं नाही, सरळ करून दिलं.