बीडची जीप आणि खिशातला पाना

बीड शहरातून पहिली प्रवासी रेल्वे सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. मग त्याआधी गावं कुणी जोडली? एसटीनं, आणि एसटी नसेल तिथं जीपनं.

महिंद्रानं मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली १९४० च्या दशकात. बोलेरो आली २००० साली. जुन्या डिझेल जीपला कॉम्प्युटर नव्हताच. डिझेल कधी, किती सोडायचं ते यांत्रिक पंप ठरवायचा. टाकी रिकामी झाली की लाइन एअर घ्यायची. मग ड्रायव्हर बॉनेट उघडून बोल्ट सैल करायचा, हातानं पंप मारायचा. फेस थांबून सलग डिझेल आलं, की बोल्ट आवळायचा आणि गाडी चालू! हे वर्गात कुणी शिकवलं नाही. एकानं केलं, दुसऱ्यानं बघितलं.

पुढं कॉमन रेल इंजिनं आली, २०२० मध्ये बीएस-६ आलं. धूर कमी झाला, चांगलंच झालं. पण आता पान्यासोबत स्कॅनरही लागतो. मी सॉफ्टवेअरवाला, कोड जपून ठेवणं माझं रोजचं काम. हे हातातलं ज्ञानही तसंच सेव्ह व्हायला हवं. तुमच्या गावात जुना जीपवाला असेल, तर त्याला एअर काढायला लावा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. भेटू पुढच्या भागात!