तापमानाचा काटा कुठं गेला?

मे महिन्यातली दुपार. कसाऱ्याहून सुटलेली लोकल खर्डीला थांबते. खिडकीतून गरम वारा येतोय, हातातल्या मोबाईलवर गेम चालू आहे. आसनगाव यायच्या आत फोन हाताला चटका देऊ लागतो आणि गेम अडखळतो. आपण नेटवर्कला शिव्या घालतो. पण पुष्कळदा नेटवर्कचा काही दोष नसतो. फोनच्या प्रोसेसरनं स्वतःचं तापमान पाहिलेलं असतं आणि स्वतःहून वेग कमी केलेला असतो. हे शहाणपण यंत्राला पहिल्यापासून नव्हतं. ते येईपर्यंत पहारा माणूसच देत होता.

असा पहारा खर्डीला नवा नाही. इथून पुढे मुंबई-नाशिक महामार्ग कसारा घाटाला भिडतो. भरलेला जुना ट्रक चढवताना ड्रायव्हरचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा तापमानाच्या काट्यावर असायचा. काटा लाल पट्टीकडे सरकला की गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि इंजिन निवेपर्यंत थांबायचं. कॉम्प्युटरला असा काटा मिळायला मात्र बराच काळ जावा लागला.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. प्रत्येक ट्यूबमधली तार तापल्याशिवाय ती कामच करत नसे. म्हणजे उष्णता होती, पण ती कपाटभर पसरलेली. पुढे ट्रान्झिस्टर आले, मग चिप आली आणि सगळं काम नखाएवढ्या जागेत आलं. सुरुवातीच्या चिपना पंखाही लागत नव्हता. १९९३ साली पेंटियम आला तोवर प्रोसेसरच्या डोक्यावर धातूचा हीटसिंक आणि पंखा बसू लागला होता.

त्यानंतर ओव्हरक्लॉकिंगचं वेड पसरलं. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवणं. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३०० ए आला. स्वस्तातली चिप, वेग ३०० मेगाहर्ट्झ. मदरबोर्डचा बस-वेग ६६ वरून १०० वर नेला की यातल्या कितीतरी चिप बिनतक्रार ४५० वर धावत. महागड्या प्रोसेसरचं काम स्वस्तात! कसारा लोकलनं दादर, तिथून ग्रँट रोड गाठून लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग जमवणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. पण चिप जळली, तर वॉरंटीही गेली आणि पैसेही.

आणि जळण्याची भीती खरी होती. वेग वाढवला की उष्णता त्याच प्रमाणात वाढते. जास्त वेग टिकवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात चढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर उष्णता जवळपास ३३ टक्के जास्त.

म्हणून काटा हवा होता. त्या काळात अनेक मदरबोर्डवर सॉकेटच्या खाली एक छोटा सेन्सर असे. प्राइम नाइन्टीफाइव्हसारख्या प्रोग्रॅमनं प्रोसेसरला राबवायचं आणि शेजारी मदरबोर्ड मॉनिटर किंवा स्पीडफॅनमध्ये आकडा बघत बसायचं. अडचण अशी, की हा सेन्सर चिपच्या बाहेर होता. चिपच्या पोटात किती आग आहे, हे त्याला उशिरा आणि कमीच कळे.

२००१ साली टॉम्स हार्डवेअरचा एक व्हिडिओ जगभर गाजला. चालू कॉम्प्युटरवरचा हीटसिंक काढला, तेव्हा एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत जळाला. पेंटियम फोर मात्र नुसता मंदावला आणि वाचला, कारण तापल्यावर वेग आवरणारी सोय त्याच्या आतच होती. २००६ पासून इंटेलच्या कोअर मालिकेत चिपच्या आत डिजिटल सेन्सर आले. गंमत म्हणजे हा सेन्सर थेट तापमान सांगत नाही. कमाल मर्यादा अजून किती अंश लांब आहे, ते सांगतो. ट्रक ड्रायव्हरही काट्यावर तेच तर बघायचा. लाल पट्टी किती लांब आहे?

पण एक गोष्ट कुठल्याच सेन्सरला बदलता आलेली नाही. साधा पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली, तर तेवढ्याच कामाला चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. खर्डीत पत्र्याच्या छपराखाली डिसेंबरच्या रात्री प्रोसेसर ७५ अंशांवर सुखानं चालला, म्हणून मे महिन्यातही चालेल असं धरून बसू नये. ओव्हरक्लॉकिंगची परीक्षा उन्हाळ्यातच घ्यावी.

आता काटा फोनच्या पोटात गेला आहे आणि त्याच्याकडे बघायची आपली सवय गेली आहे. पुढच्या वेळी लोकलमध्ये गेम अडखळला, तर कव्हर काढा, फोन उन्हातून बाजूला घ्या आणि थोडा वेळ गप्प ठेवा. घाटातला ड्रायव्हर हेच करायचा. इंजिन निवलं, की पुढचा चढ.