चूलबंद आमंत्रण

आमच्या साताऱ्याकडे लग्नकार्याला 'चूलबंद' आमंत्रण देतात. त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही. लहानथोर, पैपाहुणा, सगळे आमच्याकडे जेवायला. इंग्लंडने घरोघरचे विस्तव कसे विझवले असं कुणी विचारलं की मला हाच शब्द आठवतो.

लग्न होऊन मी १९७८ साली लंडनला आले. तीन वर्षांनी हॅरोत घर घेतलं. १९३० च्या दशकातलं बांधकाम. पुढची खोली, मागची खोली आणि वरची निजायची खोली, तिन्हीकडे भिंतीत फायरप्लेस. दोन बुजवलेल्या, तिसरीत गॅसचा हीटर बसवलेला. घराच्या कागदपत्रांत जुन्या मालकाचा एक पिवळा पडलेला कागद निघाला. कोळशाची शेगडी काढून हीटर बसवायला कौन्सिलने दिलेल्या अनुदानाचा. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पुढे मी एका कौन्सिलच्या पर्यावरण-आरोग्य विभागात लागले, चोवीस वर्षं धुराच्या तक्रारी निस्तरल्या, तेव्हा त्या कागदामागचा इतिहास कळला.

तो इतिहास म्हणजे एका सवलतीची गोष्ट आहे. धूर कुणाचाही असो, घरच्या विस्तवाला हात लावायचा नाही! १६६१ साली जॉन एव्हलिनने लंडनच्या धुरावर 'फ्यूमिफ्यूजियम' नावाची पुस्तिका लिहून राजा दुसऱ्या चार्ल्सला अर्पण केली. न्यूकॅसलहून जहाजाने येणाऱ्या 'समुद्री' कोळशावर त्याचा राग. पण दोषी कोण? दारू गाळणारे, रंगारी, चुनाभट्टीवाले, साबण करणारे. त्यांना शहराबाहेर घालवा आणि सुवासिक झाडं लावा. स्वयंपाकाच्या विस्तवाचा धूर किरकोळ, तो हवेत सहज विरतो, असं त्याचं म्हणणं. त्या काळी लाकूड महागलेलं होतं. ते जाळणं ऐपतदारांचं, कोळसा बाकीच्यांचा. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्याच वर्षी याच राजाने चुलींवर कर बसवला, दर फायरप्लेसमागे वर्षाला दोन शिलिंग. सरकारी माणूस चुली मोजायला थेट घरात शिरायचा. लोकांनी फायरप्लेस विटांनी बुजवल्या, वसुलीवाल्यांना शिव्या घातल्या, आणि १६८९ मध्ये नव्या राजाराणीने तो कर काढून टाकला. घरात शिरून विस्तवाला हात लावणारं सरकार लोकांना खपत नाही, हा धडा राज्यकर्ते बहुधा विसरले नसावेत. कारण १८५३ चा लंडनचा धूरविरोधी कायदा कारखान्यांच्या भट्ट्यांना आणि थेम्सवरच्या आगबोटींना लागू झाला, घरांना नाही. एव्हाना लाखो घरांत कोळसा जळत होता. शंभर धुराड्यांच्या गल्लीत कारखान्याचं एकच धुराडं तेवढं गुन्हेगार.

बाजू मांडणारेही कमी नव्हते. १९४५ च्या डिसेंबरात जॉर्ज ऑर्वेलने उघड्या शेगडीची वकिली करणारा लेख लिहिला. तिने उष्णता वाया जाते, राख उपसावी लागते, हे त्याला मान्यच होतं. तरी घरातली माणसं तिच्याभोवती जमतात, म्हणून निदान एका खोलीत ती हवी. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. साताऱ्याच्या वाड्यात आजी पहाटे तांब्याचा बंब पेटवायची. मधल्या नळीत काटक्या, ढलप्या, नारळाच्या करवंट्या. आंघोळीला नंबर लागेपर्यंत आम्ही पोरं त्या बंबाला चिकटून बसायचो. आजी खोकायची. तो धुराचा खोकला आहे असं कुणी म्हणायचं नाही. आजी खोकतेच, एवढंच.

लंडनला तो खोकला मोजावा लागला १९५२ साली. ५ डिसेंबरला वारा पडला, गार हवा जमिनीलगत कोंडली गेली आणि वर ऊबदार हवेचं झाकण बसलं. थंडी कडक, म्हणून लोकांनी शेगड्या आणखी भरल्या. चांगला कोळसा परकीय चलनासाठी निर्यात होत होता. घरी जळायला होता तो चुरा-खड्यांचा निकृष्ट माल, आणि त्याच महिन्याच्या सुरुवातीला तो रेशनमुक्त झालेला. पाच दिवस माणसाला स्वतःचे पाय दिसेनात. बसपुढे कंडक्टर हातात दिवा घेऊन चालायचे. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुकं शिरलं आणि चालू ऑपेरा बंद करावा लागला. चार हजार माणसं दगावली असा त्या वेळचा हिशेब. नंतरच्या संशोधकांनी तो बारा हजारांच्या आसपास नेला.

सरकार तरीही घाई करायला तयार नव्हतं. सर ह्यू बीव्हर यांच्या समितीने १९५४ च्या अहवालात स्पष्ट सांगितलं, की हवेतल्या धुराचा जवळपास निम्मा वाटा घरगुती शेगड्यांचा आहे. जेराल्ड नबारो या भरघोस मिशांच्या खासदाराने खासगी विधेयक आणून रेटा लावला, तेव्हा सरकारने स्वतःचं आणलं. ५ जुलै १९५६ ला स्वच्छ हवा कायदा झाला. कौन्सिलने एखादा भाग 'धूर-नियंत्रित' ठरवला की तिथल्या घरांच्या धुराड्यांतून धूर निघता कामा नये.

इथे तो पिवळा कागद येतो. शेगडी बदलायच्या वाजवी खर्चातला सत्तर टक्के भाग सरकार आणि कौन्सिल मिळून देत, मालकाला तीस टक्के पडे. चूलबंद, पण जेवण घालून. तरी खाणकामगारांच्या गावांनी वर्षानुवर्षं नकार दिला. त्यांना पगारासोबत कोळसा मिळायचा. घरचं धान्य टाकून विकतचं का खायचं? शेवटी काम फत्ते झालं ते एकट्या कायद्याने नव्हे. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि दहा-बारा वर्षांत तो घराघरांत पोचला. राख उपसण्यातून सुटका झाल्यावर बायकांनी शेगडीसाठी फारसे अश्रू ढाळले नाहीत.

मी नोकरीला लागले तेव्हा वाद मिटल्यासारखाच होता. तक्रारी यायच्या त्या परसात पालापाचोळा जाळण्याच्या. माझ्या पिशवीत रिंगेलमान तक्ता असायचा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या रेघांची जाळी, फिकटपासून गडदपर्यंत छटा. धुराड्याच्या दिशेने धरायचा आणि धुराशी ताडून पाहायचा. दुसऱ्या छटेइतका किंवा त्याहून गडद, तर कायद्याने तो 'गडद धूर'.

मग लाकूड परत आलं. काचेच्या दाराचा लोखंडी स्टोव्ह, शेजारी रचलेल्या ओंडक्यांची सुबक चळत. या वेळी गरजेच्या नव्हे, हौसेच्या वाटेने. बहुतेकांकडे सेंट्रल हीटिंग आहेच. एव्हलिनच्या काळासारखं लाकूड पुन्हा ऐपतदारांचं झालं. मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये किरकोळ विक्रीच्या लाकडात वीस टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही. धूर-नियंत्रित भागात धुराड्यातून धूर निघाला तर १७५ ते ३०० पौंड दंड होऊ शकतो. वाद पेटला तो आकड्यांवर. सूक्ष्म कणांच्या प्रदूषणात घरगुती लाकडाचा वाटा सरकारने आधी ३८ टक्के सांगितला, नव्या पाहणीनंतर तो १७ वर आणला. स्टोव्हवाल्यांनी लगेच टाळ्या पिटल्या. पण घरच्या हौसेपोटी १७ टक्के, हे मला थोडं वाटत नाही. गॅसची लाइन न पोचलेल्या खेड्यातल्या म्हातारीचा स्टोव्ह मी या हिशेबात धरत नाही. तिची चूल बंद करायची तर तिला आधी जेवायला बोलवावं लागेल. हॅरोतला माणूस जेवून बसलेला आहे.

गेल्या हिवाळ्यात समोरच्या शेजाऱ्याने कौतुकाने नवा स्टोव्ह दाखवला. 'आमच्या धुराचा त्रास नाही ना?' म्हणाला. मी गंमत म्हणून कपाटातून जुना तक्ता काढला आणि त्याच्या धुराड्याकडे धरला. लाकूड सुकं, स्टोव्ह मान्यताप्राप्त. पहिल्या छटेइतकाही धूर दिसेना. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे कण या पुठ्ठ्याला दिसत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. तो हसला, आत बोलावलं. स्टोव्हजवळ बसले आणि बंबाचा वास आला; खरं सांगायचं तर उठवेना.

तक्त्याप्रमाणे तो पास होता. आमच्या ह्यांना दमा आहे. संध्याकाळी समोरचा स्टोव्ह पेटला की मी रस्त्याकडची खिडकी लावून घेते.